ओळीवर ठेवलेले बोट

चि. अनिरुद्ध यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता तू एक प्रश्न विचारलास आणि मी त्याचे उत्तर न देता विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आले असेलच. मी सध्या काय वाचते आहे, असे तू विचारलेस. एका लेखकाने आयुष्यभर काय काय वाचले याविषयीचे पुस्तक वाचते आहे, असे मी सांगितले. त्यावर तू म्हणालास, "आई, त्याने काय वाचले हे वाचण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याने वाचलेली पुस्तकेच का वाचू नयेत?" प्रश्न रास्त होता आणि तू तो मनापासून विचारला होतास. त्याचे उत्तर दोन वाक्यांत उरकावे असे मला वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या म्हणण्यातला अर्धा भाग मला सुरुवातीलाच मान्य आहे. दुसऱ्याच्या वाचनाची हकिगत वाचल्याने मूळ पुस्तक वाचल्याचे पुण्य पदरात पडत नाही, आणि तसे पडते असे मानणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो. परंतु मी ज्या लेखनाविषयी बोलते आहे ते पुस्तकाचा सारांशही नव्हे आणि परीक्षणही नव्हे. परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तकाविषयी निवाडा द्यायचा असतो, त्यामुळे तो स्वतः शक्य तितका बाजूला उभा राहतो. आपल्या वाचनाची हकिगत सांगणारा मात्र ते पुस्तक हाती आले तेव्हा आपले वय काय होते, ते कोणी दिले, कुठे बसून वाचले, कोणत्या पानावर थांबून खिडकीबाहेर पाहावेसे वाटले, आणि वीस वर्षांनी पुन्हा उघडले तेव्हा तेच पान कसे परके वाटले, हे सगळे सांगतो. हे मूळ पुस्तकात कुठेच छापलेले नसते. ते वाचण्यासाठी त्या वाचकाकडेच जावे लागते.

वाचन हे माणसाच्या साऱ्या उद्योगांपैकी बाहेरून सर्वांत कमी दिसणारे काम आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन मिलान शहरात बिशप अँब्रोज यांच्याकडे जात असत, आणि तिथे पाहिलेले एक दृश्य त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. अँब्रोज वाचत असताना त्यांचे डोळे पानावरून सरकत, मन अर्थ शोधत असे, पण आवाज आणि जीभ स्तब्ध असत. भेटीस आलेली मंडळी बराच वेळ गुपचूप बसून राहत आणि त्यांच्या एकाग्रतेचा भंग न करता निघून जात. ऑगस्टीन तर्क करतात की कदाचित ऐकणाऱ्यांनी अवघड ओळींचे अर्थ विचारू नयेत म्हणून, कदाचित लवकर बसणारा आवाज जपावा म्हणून ते असे वाचत असावेत. हा प्रसंग मुक्या वाचनाच्या इतिहासासाठी नेहमी सांगितला जातो. मला मात्र त्यात समोर बसलेल्या ऑगस्टीन यांची अवस्था अधिक जवळची वाटते. एक मोठा माणूस दोन हातांच्या अंतरावर वाचतो आहे, त्याच्या आत काहीतरी घडते आहे, आणि आपल्याला त्यातले काहीही कळण्याचा मार्ग नाही. दुसऱ्याच्या वाचनाविषयीचे लेखन हाती येते तेव्हा तो मार्ग उघडतो, आणि माझ्या आनंदाचा पहिला भाग हा आहे.

दुसरा भाग त्या वाचनाच्या वेळेचा, जागेचा आणि पेहरावाचा आहे. पेहरावाचा म्हटल्यावर तुला नवल वाटेल, पण १० डिसेंबर १५१३ रोजी इटलीतील राजकीय विचारवंत निकोलो मॅकियाव्हेली यांनी फ्रान्चेस्को व्हेत्तोरी या आपल्या मित्राला लिहिलेले पत्र तू वाचावेस, अशी माझी फार इच्छा आहे. नोकरी गेलेली, तुरुंग आणि छळ सोसून झालेला, गावाकडच्या घरात दिवस काढणारा हा माणूस आपला दिनक्रम सांगतो. सकाळी लाकूडतोड्यांशी वाद होतात, मग झऱ्याकाठी दान्ते किंवा पेट्रार्क या कवींना वाचणे होते, दुपारी खानावळीत चार गावकऱ्यांबरोबर पत्ते आणि भांडणे होतात. संध्याकाळ झाली की तो घरी येतो, दारातच दिवसभराचे चिखलाचे कपडे उतरवतो, दरबारात शोभतील असे कपडे अंगावर चढवतो आणि मगच अभ्यासिकेत पाऊल टाकतो. तिथे तो प्राचीनांच्या सहवासात बसतो, त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारतो, ते त्याला उत्तर देतात, आणि चार तास त्याला कसलाही कंटाळा, दारिद्र्याचे भय किंवा मृत्यूची धास्ती वाटत नाही. याच पत्रात, राज्यसत्तेविषयी आपण एक छोटी पुस्तिका लिहिली आहे, असेही तो जाता जाता कळवतो. 'द प्रिन्स' म्हणून ओळखली जाणारी ती पुस्तिका जगाने पाचशे वर्षे वाचली, तिच्यावरून त्याला कपटी ठरवले, तिच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. परंतु कपडे बदलून पुस्तकांपुढे जाणारा तो माणूस त्या पुस्तिकेत भेटत नाही. तो या पत्रात भेटतो. हे पत्र मी पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही.

फ्रेंच निबंधकार माँटेन यांच्याकडून मी एक सवय उचलली, ती तू लहानपणापासून पाहत आला आहेस. आपली स्मरणशक्ती फारच दुबळी आहे, अशी त्यांची तक्रार होती. काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचून, टिपणांनी भरून टाकलेले पुस्तक आपण नवे म्हणून पुन्हा हाती घेतो, असे अनेकदा घडल्यावर त्यांनी एक उपाय योजला. ज्या पुस्तकाकडे पुन्हा वळायचे नाही, त्याच्या शेवटी ते वाचून संपल्याची तारीख आणि त्याविषयीचे आपले ढोबळ मत लिहून ठेवायचे. माझ्या पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर ज्या तारखा दिसतात, त्या इथून आल्या. माँटेन यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. वाचताना अडचणीची जागा आली तर आपण तिच्यापाशी नखे कुरतडत बसत नाही. एकदोनदा प्रयत्न करतो आणि सोडून देतो, आणि एका पुस्तकाचा कंटाळा आला तर दुसरे उचलतो. इतका व्यासंगी माणूस असे म्हणतो हे वाचून मला किती हलके वाटले होते, हे मी तुला सांगू शकत नाही. तोपर्यंत अर्धवट सोडलेले प्रत्येक पुस्तक मला आपल्या बुद्धीवरचा ठपका वाटत असे.

आता डार्विन यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण एखाद्याचे वाचन जवळून पाहिल्यावर त्याच्याविषयी माया कशी उत्पन्न होते याचा अनुभव मला त्यांच्याबाबतीत सर्वाधिक आला. १८३८ पासून १८६० पर्यंत त्यांनी वह्यांमध्ये वाचायच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवल्या. १८७६ साली, सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना आणि नातवंडांना गोडी वाटेल म्हणून त्यांनी आत्मवृत्त लिहिले. म्हणजे तेही एका अर्थी बापाने मुलांना लिहिलेले पत्रच होते. त्यात ते सांगतात की ऑक्टोबर १८३८ मध्ये त्यांनी इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस यांचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि जगण्याच्या झगड्यात अनुकूल बदल टिकून राहतील व प्रतिकूल बदल नष्ट होतील, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. हा प्रसंग शाळेच्या पाठ्यपुस्तकातही येतो. आत्मवृत्तात त्यांनी वापरलेला एक शब्द मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही: तो निबंध आपण मनोरंजनासाठी वाचत होतो, असे ते म्हणतात. एकवीस वर्षांनी, १८५९ मध्ये जगाची समजूत बदलणारा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला, आणि त्याचे एक बीज करमणूक म्हणून उचललेल्या पुस्तकात होते. पुढे काय होणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि पान उलटणाऱ्या त्या एकोणतीस वर्षांच्या तरुणाला ठाऊक नाही. अशा क्षणी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहायला मिळते, आणि ही संधी मूळ निबंध वाचून मला कधीही मिळाली नसती.

पण माया उत्पन्न झाली ती पुढच्या मजकुराने. बीगल जहाजावरच्या प्रवासात किनाऱ्यावर उतरून आत भटकायला जाताना एकच पुस्तक नेता येत असे, तेव्हा डार्विन प्रत्येक वेळी इंग्रज कवी मिल्टन यांचे काव्यच नेत असत. तिशीपर्यंत किंवा त्यानंतरही काव्याने त्यांना अपार आनंद दिला होता. उतारवयात तेच लिहितात की आता कवितेची एक ओळही आपल्याने सहन होत नाही, नुकताच शेक्सपिअर वाचायचा प्रयत्न केला तर तो इतका नीरस वाटला की मळमळले. तथ्यांच्या ढिगाऱ्यातून सामान्य नियम दळून काढणारे आपले मन एक यंत्र झाले असावे, असे त्यांना वाटते, आणि पुन्हा जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी काही कविता वाचायची आणि काही संगीत ऐकायचे असा नेम करीन, असे ते म्हणतात. कादंबऱ्या मात्र त्यांना शेवटपर्यंत आवडत राहिल्या. घरातली माणसे त्या मोठ्याने वाचून दाखवत, आणि दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा, असे त्यांचे मत होते. जाडजूड पुस्तके हातात धरायला जड जातात म्हणून ते ती मधोमध कापून दोन भाग करत, ही त्यांच्या मुलाने सांगितलेली आठवण आहे. खिशात मिल्टन घालून अनोळखी प्रदेशात चालत निघालेला तरुण आणि शेक्सपिअर मिटून बाजूला ठेवणारा वृद्ध, हे दोघे एकच आहेत हे मला त्यांच्या वाचनाच्या हकिगतीवाचून कळले नसते. त्यांच्या शोधांचा इतिहास मी आधी वाचला होता आणि त्यांच्याविषयी आदर वाटत होताच. ही कबुली वाचल्यावर मात्र त्यांच्या शेजारी जाऊन बसावे आणि एक कविता हळू आवाजात म्हणून दाखवावी, असे मला वाटले.

पुस्तक माणसाच्या हाती कसे पडते, या गोष्टीतही मला मोठा रस आहे. १९०४ मध्ये गांधीजी जोहान्सबर्गहून डरबनला निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर आलेल्या हेन्री पोलाक या मित्राने वाटेत वाचायला इंग्रज लेखक रस्किन यांचे 'अन्टू धिस लास्ट' हे छोटे पुस्तक दिले. चोवीस तासांचा प्रवास होता. एकदा सुरू केल्यावर पुस्तक खाली ठेवणे अशक्य झाले, संध्याकाळी गाडी पोहोचली आणि त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही, असे गांधीजी लिहितात. पुस्तकाप्रमाणे जीवन बदलायचे असा निश्चय त्या प्रवासात झाला. स्टेशनवर येणे पोलाक यांना त्या दिवशी जमले नसते तर काय झाले असते, हा विचार मी पुष्कळदा करते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची हकिगत याहून लांब पल्ल्याची आहे. बागेत वाचत बसणाऱ्या त्या शाळकरी मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकांचे लक्ष गेले, त्यांनी त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या परीक्षेतील यशानिमित्त झालेल्या समारंभात स्वतः लिहिलेल्या बुद्धचरित्राची प्रत भेट दिली. ते पुस्तक वाचून आपण फार प्रभावित झालो, असे बाबासाहेबांनी अखेरच्या काळात बुद्ध आणि त्याच्या धम्माविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले. ती भेट आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा यांच्यामध्ये सुमारे अर्धे शतक आहे. त्या अर्ध्या शतकात त्यांनी किती वाचले त्याला गणती नाही, आणि १९१७ साली परदेशातून परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे पुस्तकांचे सामान पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले, तो घावही त्यांनी सोसला. तरी मुलाच्या हातात ठेवलेले ते पुस्तक त्यांच्यातून गेले नाही. चरित्रकार मोठ्या सभा आणि मोठे निर्णय नोंदवतातच. मी चरित्र हाती घेतले की आधी त्यातले वाचनाचे उल्लेख शोधते, कारण पुढच्या निर्णयांची मुळे कित्येकदा तिथे सापडतात.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. मूळ पुस्तकच का वाचू नये, याचे माझ्याजवळचे सर्वांत नेमके उत्तर एका प्रतीत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील तुरुंगात एका राजकीय कैद्याजवळ शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची प्रत होती. पहारेकऱ्यांनी ती काढून घेऊ नये म्हणून त्याने तिच्यावर देवादिकांची चित्रे असलेली दिवाळीची शुभेच्छापत्रे चिकटवली आणि हा आपला धर्मग्रंथ आहे असे सांगितले. मग ती प्रत त्याने सोबतच्या कैद्यांमध्ये फिरवली आणि प्रत्येकाला आपल्या आवडत्या उताऱ्यापाशी सही करायला सांगितले. तीसहून अधिक सह्या तिच्यात आहेत. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी 'ज्युलियस सीझर'मधल्या त्या ओळींपाशी सही केली, जिथे सीझर म्हणतो की भित्रे मरणापूर्वीच अनेकदा मरतात आणि शूर माणूस मरणाची चव एकदाच घेतो. त्यांचे सहकारी वॉल्टर सिसुलू यांनी 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉक या ज्यू सावकाराच्या तोंडचे शब्द निवडले: हे सारे मी मुकाट्याने सोसत आलो, कारण सोसणे हेच आमच्या जमातीचे चिन्ह आहे.

हे दोन्ही उतारे कोणत्याही वाचनालयातल्या शेक्सपिअरमध्ये आहेत, आणि मी ते तरुणपणीच वाचले होते. पण जन्मठेप भोगणाऱ्या, बाहेर कधी पडू याची काहीच खात्री नसलेल्या दोन मित्रांनी हजारांहून अधिक पानांमधून कोणत्या ओळीवर बोट ठेवले, हे शेक्सपिअरला ठाऊक नव्हते आणि त्याच्या पुस्तकात ते नाही. एकाने निर्भयतेची ओळ निवडली, दुसऱ्याने सोसण्याची. एकाच चळवळीतली, एकाच तुरुंगातली ही माणसे, तरी प्रत्येकाला लागणारा आधार वेगळा होता. ते बोट पाहण्यासाठी मी दुसऱ्यांच्या वाचनाविषयी वाचते. एकदा ते पाहिले की मूळ नाटकाकडे परत जावेसे वाटते आणि गेल्यावर ती ओळ पूर्वीसारखी राहिलेली नसते.

समासात लिहिणाऱ्यांविषयी माझ्या मनात म्हणूनच फार आदर आहे. इंग्रज कवी कोलरिज यांना पुस्तक उसने दिले तर ते परत येताना त्यांच्या टिपणांनी समृद्ध होऊन येते, अशी ग्वाही त्यांचे मित्र चार्ल्स लॅम यांनी दिली आहे. गणिती फर्मा यांनी सुमारे १६३७ मध्ये डायोफॅन्टस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाच्या समासात एक प्रमेय लिहिले, त्याची अद्भुत सिद्धता आपल्याला सापडली आहे पण ती मावायला हा समास अपुरा आहे, असे पुढे जोडले आणि ते पुढे कधी त्याविषयी सविस्तर बोलले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने, सॅम्युएलने, १६७० मध्ये वडिलांच्या समासातल्या टिपणांसह तो ग्रंथ छापला. मूळ प्रत पुढे हरवली. मुलाने वडिलांचे वाचन जपले नसते तर गणितज्ञांच्या पिढ्यांना झपाटणारा तो प्रश्न, ज्याची पूर्ण सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, कोणाला कळलाही नसता.

आपल्या भाषेतही असे वाचक आहेत ज्यांच्या सोबतीने मी वर्षे काढली. सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मला स्वतःला काही मिळाल्यासारखा आनंद झाला होता, कारण केवळ वाचत राहण्याची हकिगतही साहित्य ठरू शकते, याला त्या दिवशी दाद मिळाली. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे मी त्यांच्या कथांइतक्याच ओढीने वाचते. माणसांच्या गर्दीपासून दूर राहणारा हा लेखक सुनीताबाई देशपांडे यांना लिहिताना पुस्तकांविषयी बोलू लागला की त्याचे सारे अंतर गळून पडते. तू ती पत्रे सवडीने वाच. मी त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही, कारण ती तुझ्या पद्धतीने तुला भेटावीत.

मोठ्याने वाचून दाखवण्याविषयी मात्र लिहायला हवे. बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाला १९५५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालकपद मिळाले, तोपर्यंत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुस्तके आणि रात्र दोन्ही देवाने एकाच वेळी दिली, असे त्यांनी एका कवितेत म्हटले आहे. साठच्या दशकात आल्बेर्तो मांग्वेल नावाचा किशोरवयीन मुलगा काही वर्षे त्यांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवत असे. पुढे तो स्वतः मोठा लेखक झाला, वाचनाचा इतिहास लिहिला, आणि अनेक वर्षांनी त्याच ग्रंथालयाचा संचालकही झाला. त्या दिवसांविषयी तो लिहितो की आवाज आपला असला तरी मजकुराचा धनी ऐकणारा होता. कुठे थांबायचे, कशावर बोलायचे, पुढे काय घ्यायचे हे बोर्हेस ठरवत.

हे वाचताना मला तुझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांची दृष्टी अधू झाल्यावर रोज संध्याकाळी तासभर मी त्यांना वाचून दाखवत असे. तू तेव्हा फार लहान होतास. एका जुन्या कादंबरीतल्या एका साध्या वाक्यापाशी ते नेहमी हात वर करून मला थांबवत आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगत. त्या वाक्यात कोणीतरी दार लावून घेते, एवढेच होते. मला त्यात काही विशेष दिसत नव्हते, आणि खरे सांगायचे तर थांबावे लागल्याने मी थोडी अधीरही होत असे. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले की हे पुस्तक त्यांनी पहिल्यांदा वाचले ते आपल्या आजारी आईच्या उशाशी बसून, दिव्याची वात बारीक करून. या वाक्यापर्यंत ते आले होते आणि तिने तीन दिवसांनी डोळे उघडून त्यांना हाक मारली होती. त्यानंतर ते पुस्तक त्यांनी पाच-सहा वेळा वाचले असेल, आणि दर वेळी त्या वाक्यापाशी ती हाक त्यांना ऐकू येत असे. मी त्या कादंबरीची कितीही पारायणे केली असती तरी हे मला तिच्यात सापडले नसते. आज ती कादंबरी मी उघडते तेव्हा त्या वाक्यापाशी मीही थांबते, आणि मला माझ्या वडिलांचा वर झालेला हात दिसतो.

या वाचनात एक धोका आहे, तोही सांगून टाकते. दुसऱ्याने किती वाचले याची बेरीज करत बसले की मन खट्टू होते आणि आपले वाचन खुजे वाटू लागते. पुस्तकांची संख्या मिरवणारे लेखन म्हणून मी फार वेळ हातात धरत नाही. ज्याला कधी कंटाळा आला नाही, ज्याने एकही पुस्तक मध्येच सोडले नाही, ज्याचे एकही मत पुढे बदलले नाही, अशा वाचकावर माझा विश्वास बसत नाही.

परवा कपाट आवरताना तुझी एक वही सापडली. तू नऊ वर्षांचा असताना वाचलेल्या पुस्तकांची नावे तिच्यात लिहायला सुरुवात केली होतीस, हे मी विसरले होते. प्रत्येक नावापुढे तारीख आहे आणि तुझा शेरा आहे. एके ठिकाणी तू लिहिले आहेस, "शेवट आवडला नाही, मी दुसरा करणार आहे." एके ठिकाणी नुसतेच, "कुत्रा मेला. पुन्हा वाचणार नाही." आणि त्याखाली, दोन महिन्यांनंतरच्या तारखेने, "पुन्हा वाचले." ही वही मी जमिनीवर बसून सलग तासभर वाचली. त्या वर्षी तू माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतास. तुझे जेवण, तुझी शाळा, तुझे ताप मला ठाऊक होते, आणि तरी तो कुत्रा मेल्यावर दोन महिने तू काय मनात घेऊन फिरत होतास, याचा मला पत्ता नव्हता.

वही या पत्रासोबत पाठवत आहे. तिच्यातली शेवटची नोंद अपुरी आहे. पुस्तकाचे नाव आहे, सुरू केल्याची तारीख आहे, आणि पुढची जागा कोरी आहे. ते पुस्तक तू संपवलेस की मध्येच सोडलेस, आणि सोडले असशील तर कोणत्या पानाशी, हे तुला आठवत असेल तर कळव.

तुझी,
आई